उष्टे मोजणाऱ्या मुलांच्या वतीने : मुंबईतील विज्ञान प्रदर्शनांच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
शालेय विज्ञान प्रदर्शनांचे आयोजक, परीक्षक आणि शिक्षण विभागातील संबंधित अधिकारी,
मुंबई

विषय : अन्नाची नासाडी कमी करण्याविषयीच्या विद्यार्थी प्रकल्पांचे मूल्यमापन

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या गच्चीवरून देवनारचा कचऱ्याचा डोंगर दिसतो. गेल्या वर्षी सातवीच्या सहा विद्यार्थ्यांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत वाया जाणाऱ्या अन्नावर प्रकल्प केला आणि तो वॉर्ड पातळीवरील विज्ञान प्रदर्शनात मांडला. त्यांच्या टेबलावर एक जाड नोंदवही, प्रयोगशाळेतला ताणकाटा, खिचडी वाढायचे लहान-मोठे दोन डाव आणि आलेख कागदावर हाताने काढलेले चार आलेख होते. परीक्षक आले, त्यांनी टेबलावरून नजर फिरवली आणि विचारले, "याचे वर्किंग मॉडेल कुठे आहे?" गटातील मुलगी म्हणाली, "सर, मॉडेल नाही, नोंदी आहेत." परीक्षकांनी गुणपत्रिकेवर काहीतरी लिहिले आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. नोंदवही कुणी उघडली नाही.

मुलांना बक्षीस मिळाले नाही, ही माझी तक्रार नाही. शेजारच्या टेबलावर हात पुढे करताच झाकण उघडणारी कचरापेटी होती. तिच्यामागे खरी मेहनत होती आणि ती करणाऱ्या मुलांचे कौतुक झाले याचा मला आनंदच आहे. परंतु त्या दिवशी अन्नाच्या नासाडीवर जेवढे प्रकल्प मांडलेले होते, ते जवळजवळ सगळे अन्न कचऱ्यात पडल्यानंतर सुरू होत होते. अन्न तिथवर पोहोचतेच का, हे विचारणारा प्रकल्प बहुधा आमचा एकटाच होता, आणि त्याचे गुण कोणत्या रकान्यात लिहावेत हे परीक्षकांनाही कळले नसावे. अन्न कोणत्या टप्प्यावर, किती आणि कशामुळे वाया जाते हे मोजून शोधणे हे या विषयातले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे वैज्ञानिक काम आहे, असे मी मानते. त्या कामाला आपल्या प्रदर्शनांत जागा मिळावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. ही जागा का द्यावी, हे मुलांनी काय केले ते सविस्तर सांगितल्याशिवाय पटणार नाही, म्हणून थोडा वेळ मागते.

प्रकल्पाची सुरुवात आमच्याकडेही यंत्रापासूनच झाली होती. मुलांना खरकट्यापासून खत करणारा डबा बनवायचा होता. देवनारच्या छायेत वाढलेल्या मुलांना कचरा ही ऐकीव गोष्ट नाही. ते क्षेपणभूमीचे मैदान १९२७ पासून वापरात आहे, आणि २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर इतका पसरला होता की परिसरातील शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. ही मुले तेव्हा अगदी लहान होती, पण घरोघरी ती गोष्ट अजून निघते. ढिगाच्या पोटात दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, हवेविना जगणारे जिवाणू त्याचे विघटन करतात, त्यातून मिथेन निघतो आणि तो पेट घेतो, हे त्यांना वर्गात शिकवताना मला फळ्यावर चित्र काढावे लागत नाही. हाच मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते ३० पट उष्णता धरून ठेवतो, एवढे फक्त मला सांगावे लागले.

खताचा डबा आम्ही केलाही. शिजवलेल्या अन्नात पाणी फार असते, तेल-मीठ असते आणि त्याचा चिकट लगदा झाला की त्यात हवा खेळत नाही. वाळलेला पाला नीट मिसळला नाही तर ते कुजत नाही, सडते. कुजणे आणि सडणे या दोन शब्दांतला फरक मुलांनी आठ दिवसांत नाकाने शिकून घेतला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' पद्धतीची माहितीही आम्ही मिळवली. या पद्धतीत खरकटे आधी वाटून, गरम पाण्याच्या साहाय्याने हवेच्या सान्निध्यात विघटित केले जाते आणि मग त्यापासून बायोगॅस व खत मिळवले जाते. या कामाला मुलांनी मनापासून दाद दिली. मात्र त्याच चर्चेत एका मुलाने प्रश्न विचारला, "बाई, खिचडीचे खत झाले तर खिचडीचे काय झाले?"

त्या प्रश्नाने प्रकल्पाची दिशा बदलली. एक किलो तांदूळ पिकवायला जगभरची सरासरी काढली तर सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते. त्यात शेतकऱ्याचे श्रम, भरडाई, वाहतूक, डाळ, तेल, गॅस आणि पहाटे उठून स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे कष्ट मिळवा. एवढे सगळे ओतून तयार झालेल्या अन्नाचे खत केले तर हाती मूठभर खत येते आणि बाकीचे परत मिळत नाही. खत हा उरलेल्यावरचा उपाय आहे. ते उरतेच का, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडेही नव्हते. मुले काही खात नाहीत, खिचडीला चव नसते, आजकालच्या मुलांना अन्नाची किंमत नाही, अशी मते मात्र शिक्षकखोलीत भरपूर होती. माझेही त्यात एक होते.

म्हणून मुलांनी मोजायचे ठरवले. तीन बादल्या ठरल्या. पहिली वाढून झाल्यावर मोठ्या पातेल्यांत उरलेल्या अन्नाची, दुसरी ताटांत टाकलेल्या उष्ट्याची आणि तिसरी सांडलेल्याची. घरून डबा आणणाऱ्या मुलांची नोंद वेगळी. रोज मधली सुट्टी संपताच दोघांनी बादली ताणकाट्याला लावून धरायची, तिसऱ्याने वाचायचे, चौथ्याने लिहायचे. पहिले तीन दिवस काटा भलताच खाली जात होता. चौथ्या दिवशी लक्षात आले की ताटे विसळल्याचे पाणीही त्याच बादलीत जात होते. शिवाय रिकाम्या बादलीचे वजन वजा करायचे राहिले होते आणि ताणकाटा रिकामा असतानाही शून्यावर थांबत नव्हता. मुलांना ती तीन पाने फाडून नवी वही करायची होती. मी फाडू दिली नाहीत. त्या पानांवर एक तिरकी रेघ मारून बाजूला कारण लिहायचे, अशी सूचना मी केली. आजही ती पाने वहीच्या सुरुवातीला तशीच आहेत, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातली ती सर्वांत मोलाची पाने आहेत. परीक्षकांनी वही उघडली असती तर त्यांना सर्वप्रथम तीच दिसली असती.

मूग-शेवग्याचे वरण-भात असायचा त्या दिवशी उष्ट्याची बादली हमखास जड भरत असे. मुलांनी घाईने निष्कर्ष काढला की शेवगा कुणाला आवडत नाही. मग एका मुलीने हातात पिशवी घालून बादली उपसली आणि दाखवले की त्यातला मोठा वाटा चोखून टाकलेल्या शेंगांच्या सालींचा होता. मुलांनी शेंगा आवडीने खाल्ल्या होत्या. तेव्हापासून खाण्याजोगे वाया गेलेले आणि मुळात न खाण्याजोगे अशा दोन नोंदी होऊ लागल्या. हा बारकावा मोठमोठ्या अहवालांतही महत्त्वाचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात घरे, खानावळी-हॉटेले आणि दुकाने मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा जवळपास पाचवा हिस्सा होतो. त्यातले साठ टक्के घरांतून गेले, आणि भारतातील घरांचा अंदाज दरडोई वर्षाला ५५ किलोचा दिला आहे. या आकड्यांत साली, हाडे, कोयी असा न खाण्याजोगा भागही धरलेला असतो. हे वाक्य मी कितीदा वाचले असेल, पण त्याचा अर्थ मला शेवग्याच्या सालींमुळे कळला.

काही आठवड्यांच्या नोंदी जमल्यावर जे दिसले त्याने आमची बहुतेक मते खोटी ठरवली. ताटांतल्या उष्ट्यापेक्षा पातेल्यांत न वाढता उरलेली खिचडी पुष्कळदा जास्त होती. म्हणजे मुलांच्या आवडीनिवडीपर्यंत गोष्ट पोहोचतच नव्हती. अन्न सकाळी शाळेत येते, ते शिजवायला पहाटे सुरुवात होते आणि किती मुलांसाठी शिजवायचे हा आकडा आदल्या दिवशी सांगावा लागतो. तो आकडा सांगताना आम्ही शिक्षक पटाकडे पाहत होतो आणि प्रत्यक्षात जेवायला हजेरी बसत होती. सणाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, घटक चाचणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आणि मुसळधार पावसात ही तफावत मोठी होत होती. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आला की आमच्या वस्तीतल्या गल्ल्या तुंबतात आणि अर्धा वर्ग येत नाही, हे मुंबईत राहणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. तरी पातेली मात्र रोज तेवढीच येत होती.

उरलेली खिचडी वस्तीत का वाटू नये, असा प्रश्न मुलांनी विचारला. तो त्यांच्या मनाचा चांगुलपणा होता आणि त्याला मला विज्ञानाने उत्तर द्यावे लागले. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जितका वेळ राहील तितके त्यात जिवाणू वाढत जातात. भाताच्या बाबतीत तर काही जिवाणूंचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. पहाटे शिजलेली आणि पातेल्यात तासन्‌तास राहिलेली खिचडी दुपारी कुणाच्या पोरांना खायला घालणे हे दान ठरत नाही. अतिरिक्त अन्न गोळा करून वाटण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र विनियम आहेत, ते याच काळजीपोटी. मुंबईत लग्नाच्या हॉलमधून आणि हॉटेलांतून वेळेत अन्न उचलून गरजूंपर्यंत नेणाऱ्या संस्था चांगले काम करतात. पण त्यांच्याकडे वाहने असतात, वेळेचे बंधन असते आणि अनुभव असतो. शाळेच्या व्हरांड्यातल्या पातेल्याला ते लागू होत नाही. त्यामुळे पातेल्यात उरूच नये, हा एकच मार्ग आमच्यापुढे राहिला.

मुलांनी मागच्या सत्रांची हजेरीपत्रके मागितली. वारानुसार सरासरी काढली, सण आणि परीक्षांचे दिवस वेगळे काढले, पावसाचे दिवस वेगळे काढले आणि उद्या किती मुले येतील याचा अंदाज करायला सुरुवात केली. सातवीच्या मुलांना सरासरी येते, पण सरासरीचा उपयोग काय हे त्यांना पहिल्यांदा तेव्हा समजले असे मला वाटते. अंदाज चुकला की ते हिरमुसत आणि मग चूक किती आली तेही लिहून ठेवत. मुख्याध्यापकांनी त्या अंदाजात थोडी भर घालून आकडा कळवायला परवानगी दिली. भर अशासाठी, की अन्न कमी पडून एखादे मूल उपाशी राहणे हे खिचडी उरण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे, यावर मुलांसह आमचे सगळ्यांचे एकमत होते.

या मुद्द्यावर मला थोडे थांबायचे आहे. आमच्याकडे अशी मुले आहेत ज्यांचे दिवसातले पहिले जेवण शाळेतली खिचडी असते. अशा ठिकाणी अन्नाची नासाडी कमी करा, हे वाक्य जपून उच्चारावे लागते. उष्टे कमी दिसावे म्हणून वाढणेच कमी केले तर बादली हलकी होईल आणि मूल भुकेले राहील. मुलांनी यावर स्वतःच तोड काढली. उष्ट्याच्या वजनाबरोबर ते आणखी एक आकडा लिहू लागले. आज किती मुलांनी पुन्हा मागितले आणि त्यांपैकी किती जणांना मिळाले, तो आकडा. बादली हलकी झाली पण पुन्हा मागणाऱ्यांना नकार मिळाला, तर तो दिवस वहीत यशस्वी धरायचा नाही. बारा वर्षांच्या मुलांनी घालून घेतलेला हा नियम मी कोणत्याही प्रशिक्षणात ऐकलेला नव्हता.

दोन डावांची गोष्टही इथेच येते. शालेय पोषण आहाराच्या निकषांनुसार पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदळाचे प्रमाण ठरलेले आहे. डाळीचे प्रमाण तसेच २० आणि ३० ग्रॅम. प्रत्यक्षात आमच्याकडे पाचवीतल्या चिमुरड्यांना आणि आठवीतल्या दाढी-मिशा फुटू लागलेल्या मुलांना एकाच डावाने वाढले जात होते. पाचवीच्या ताटांत उरत होते आणि आठवीची मुले पुन्हा रांगेत उभी राहत होती. त्यावर उपाय म्हणून बाजारातून एक लहान डाव आणला, आणि पाचवीच्या रांगेत आधी थोडे वाढायचे, मग हवे तितक्या वेळा मागू द्यायचे, असे ठरले. एका डावाची किंमत ती काय! पण हा डाव आणावा हे सुचायला कित्येक दिवसांची वजने लागली.

वेळेचेही तसेच. सर्वांत जास्त उष्टे रांगेच्या शेवटी उभ्या राहणाऱ्या वर्गांचे निघाले. त्यांच्या हातात ताट पडेपर्यंत मधली सुट्टी संपत आलेली असायची आणि खेळायचे राहून जाईल या भीतीने मुले चार घास खाऊन ताट बादलीत रिकामे करायची. वर्गांचा क्रम दर आठवड्याला फिरवल्यावर उष्ट्याची जागाही क्रमाबरोबर फिरली, तेव्हा कारण चवीचे नसून घाईचे आहे हे आमच्यापुढे स्पष्ट झाले. हा माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत नेटका प्रयोग होता. एकच गोष्ट बदलली, बाकी सगळे तसेच ठेवले आणि परिणाम पाहिला. आपण पुस्तकात चल राशी शिकवतो, ती याहून वेगळी काय असते? खेळ आधी आणि जेवण नंतर ठेवले तर ताटात कमी उरते, असे अमेरिकेतील काही शाळांच्या अभ्यासातही दिसले आहे. आमच्या शाळेला वेळापत्रक तसे बदलणे जमलेले नाही.

एक गोष्ट सांगायला मला अवघड वाटते, पण ती वगळली तर पत्र अपुरे राहील. मुले रोज वजन करू लागली तेव्हा वाढायला येणाऱ्या महिला बचत गटाच्या ताई घाबरल्या. गटाला मिळणारी रक्कम जेवणाऱ्या मुलांच्या संख्येवर ठरते. आकडा कमी सांगितला गेला तर उत्पन्न घटते, आणि उष्टे जास्त दिसले तर दोष स्वयंपाकाला लागेल ही धास्ती वेगळीच. त्यांच्यापैकी एकीची मुलगी याच प्रकल्पात होती. ती दोन दिवस वजनाला आली नाही. मग मुलांनी त्या ताईंना वही दाखवली, वाचून दाखवली आणि वहीत कुणाचेही नाव लिहिलेले नाही, लिहिले जाणार नाही, असे सांगितले. त्यानंतर त्या ताईंनीच आम्हाला सांगितले की अमुक डब्यातली खिचडी झाकण घट्ट असल्यामुळे घाम धरते आणि तळाला गोळा होते, तो डबा आधी उघडा. ती सूचना कामाला आली. अशा प्रकल्पांचे आकडे कुणाला नोटीस देण्यासाठी वापरले गेले तर पुढच्या वर्षीपासून खरे आकडे कुणी लिहिणार नाही. शिक्षण विभागातील अधिकाऱ्यांना माझी ही हात जोडून विनंती आहे.

परिणाम काय झाला, हे आपण नक्की विचाराल. पातेल्यांत उरणारी खिचडी स्पष्टपणे कमी झाली. पाचवीच्या ताटांतले उष्टे कमी झाले. आठवीच्या वर्गांत म्हणावा तसा फरक पडला नाही आणि मुलांनी तेही आलेखात जसेच्या तसे दाखवले. त्यांनी प्रदर्शनासाठी एक साधे गणितही मांडले होते. समजा, शंभर मुलांनी रोज प्रत्येकी ५० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन घास टाकले, तर दिवसाला पाच किलो होतात आणि शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला एक टन. शंभर मुले म्हणजे आमच्याकडचे जेमतेम दोन वर्ग.

आता प्रदर्शनाविषयी. मोजमापाच्या प्रकल्पांना आपल्याकडे परंपरा नाही असे नाही. मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्याच संघटनेने सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीची मुले कृतिसंशोधन करतात. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन त्याची पाहणी करायला सांगत आली आहे. तिथे नोंदवही मागितली जाते. शाळांच्या प्रदर्शनात मात्र तीच मुले आली की त्यांच्याकडून हलणारे, दिवे लागणारे काहीतरी अपेक्षिले जाते. त्यामुळे पालक तयार मॉडेल विकत आणतात, शिक्षक त्याकडे काणाडोळा करतात आणि मुले पाठ केलेले पाच मिनिटांचे भाषण म्हणून दाखवतात. पर्यावरणावरच्या प्रकल्पांचे डोलारे थर्माकोलचे असतात, आणि प्रदर्शन संपल्यावर ते मैदानाच्या कोपऱ्यात पडलेले मी वर्षानुवर्षे पाहते आहे. २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली, तरी या दृश्यात फारसा फरक पडलेला नाही.

माझी विनंती मोठ्या खर्चाची नाही. पर्यावरण आणि आहार या विषयांच्या प्रकल्पांसाठी गुणपत्रिकेत नोंदींना स्वतंत्र आणि भरीव गुण असावेत, आणि परीक्षकांनी नोंदवहीचे कोणतेही एक पान उघडून मुलांना त्या दिवशी काय घडले ते विचारावे. ज्यांनी खरोखर वजन केले आहे ती मुले थांबत नाहीत, आणि ज्यांनी आकडे आदल्या रात्री रचले आहेत ती गडबडतात. हे कळायला दोन मिनिटे पुरतात. मॉडेलची अट जिथे लिखित नियमात नाही, तिथे ती परीक्षकांच्या तोंडूनही येऊ नये, याविषयी परीक्षकांच्या बैठकीत स्पष्ट सांगितले जावे. आणि शक्य असेल तर गेल्या वर्षीचा प्रकल्प त्याच शाळेने पुढे नेला असल्यास त्याला दुसऱ्या वर्षी प्रवेश द्यावा. सध्या प्रकल्प नवा हवा असा आग्रह धरला जातो. नासाडीसारखा प्रश्न मात्र एका सत्रात उलगडत नाही. पावसाळ्याच्या नोंदी हिवाळ्यात लागू पडत नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

शिक्षण विभागाने प्रत्येक शाळेला एक साधा वजनकाटा आणि दोन मापांचे डाव दिले तर विज्ञानाच्या शिक्षकांवर फारसा भार न पडता अशा नोंदी शहरभर होऊ शकतील. जेवण वाटण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी ते चाखावे, असा नियम आधीपासून आहे आणि त्याची नोंद ठेवली जाते. त्याच वहीत उरलेल्याच्या वजनाचा एक रकाना वाढवायचा आहे. २०३० पर्यंत माणशी अन्ननासाडी निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आहे आणि आपला देश त्यात सहभागी आहे. निम्म्यावर आणायचे म्हणजे आधी पूर्ण किती ते ठाऊक हवे. शाळांपुरते ते सांगण्याचे काम आमची मुले करू शकतात.

यंदा ती सहाही मुले आठवीत आहेत. नवी वही घातली आहे, आणि आठवीच्या ताटांत का उरते याचा शोध त्यांना आता स्वतःच्याच वर्गात घ्यायचा आहे. प्रदर्शनाच्या आधी कोणत्याही कामाच्या दिवशी आपल्यापैकी कुणी शाळेत आलात तर मुलांना फार आनंद होईल. मधली सुट्टी दहा वाजून दहा मिनिटांनी होते आणि बादल्यांचे वजन साडेदहाला केले जाते. कळवून येण्याची गरज नाही. फक्त वजन होईपर्यंत थांबावे.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका
पूर्व उपनगर, मुंबई